उलटा फिरवलेला हात

आदर्शला शूटिंगसाठी सकाळचीच वेळ हवी होती. आमच्या मधल्या घरात त्या वेळी झरोक्यातून ऊन तिरकं उतरतं आणि शेगडीचा धूर त्यात स्पष्ट दिसतो, हे एक कारण त्यानं मला सांगितलं. दुसरं तो सोनमला सांगत होता ते मी ऐकलं. "आत्या पूजा होईपर्यंत बोलतच न्हाय. साऊंडला लई बरं पडतंय."

आदर्श माझ्या भावाचा मुलगा. गुंजीहून बेळगावला कॉलेजसाठी आला तो आमच्याकडे शहापुरातच राहिला. सिनेमा-टीव्हीचं शिकत होता. शेवटच्या वर्षाला त्यांना एका थरारक सिनेमाची नुसती सुरुवात करून दाखवायची होती. पुढं गोष्ट काय, खून कुणाचा, हे ठरलेलं नसलं तरी चालेल. बघणारा मात्र खुर्चीत सावरून बसला पाहिजे, असं त्यांच्या सरांचं म्हणणं. सोनम त्याच्या वर्गातली मुलगी, कॅमेरा तिच्याकडे. ती घरात आली की चप्पल नीट भिंतीकडेला लावून ठेवायची, म्हणून मला आवडायची.

"तुझा फक्त हात घेणार हाय, आत्या," आदर्श म्हणाला. "तोंड दिसणार न्हाय. दृष्ट काढतीस तसा हात फिरवायचा, मीठ-मोहऱ्या-मिरच्या इस्तवावर टाकायच्या. बास."

"कुणाची काढू?"

"कुणाचीच न्हाय. दुपटं गुंडाळून ठेव की. मूल हाय असं वाटंल."

गल्लीतल्या मुलांची दृष्ट मीच काढते. बायका माग बंद करून, अंगाखांद्यावरचे धागे झटकत, किरकिरणारं मूल घेऊन येतात. मीठ-मोहऱ्या मुठीत धरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. यात विशेष काही नाही, सगळ्यांनाच येतं. पण एकाच्या हाताची सवय होते म्हणतात, तशी त्यांना माझ्या हाताची झालेली. माझ्या मनगटावर तुळशीचं गोंदण आहे. तोंड दिसलं काय आणि न दिसलं काय, तो हात शहापुरात कुणीही ओळखला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

सुचलं ते वेगळंच. रचनाला सातवा लागला होता. माझी एकुलती मुलगी, निपाणीला दिलेली. लग्नानंतर फार वाट बघायला लावून तिला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण झालं की ती इकडे येणार होती. मधल्या घराशेजारची खोली मी चुन्यानं काढून घेतली होती. जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली होती. त्यातलंच एक आदर्शला पाहिजे होतं. आणि रिकाम्या दुपट्यावरून ओवाळायला माझा हात धजेना.

तेव्हा मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि दुपट्यात निजवला. लोण्याचा गोळा धरलेला त्याचा हात तेवढा बाहेर राहत होता, तोही आत घेतला. देवाची दृष्ट काढायला काही हरकत नसते. यशोदेनं किती वेळा काढली असेल. तोंडानं बोलायचं नव्हतं म्हणून कुणाला सांगितलं नाही. मुठीत मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेतल्या, मनातल्या मनात नेहमीचं म्हटलं, आणि हात फिरवला. सोनम खाली पालथी पडून शेगडीआडून कॅमेऱ्यातनं बघत होती. आदर्शनं "पुन्हा एकदा" अशी खूण केली. मी पुन्हा केलं. मग आणखी एकदा.

त्यांचं झाल्यावर मी बाळकृष्णाला उचलून देव्हाऱ्यात नेलं. मागं वळून पाहिलं तर सोनम ते दुपटं जमिनीवर पसरत होती आणि आदर्शचा हात त्याची टोकं एकेक उघडत होता. आत काहीच नाही, असं दिसावं म्हणून. मला ते नको होतं. पण अजून तुळशीला पाणी घालायचं होतं. पाणी घालून मी आत आले तोवर ती दोघं कॅमेरा पिशवीत भरत होती.

"ते रिकामं कशाला घेतलं रं?"

"असंच, आत्या. लागलं तर असू दे."

पुढचे दिवस आदर्श लॅपटॉप घेऊन माझ्या शिलाई मशीनपाशी बसला. मी चहा ठेवायला गेले की दाखवायचा. पडद्यावर खाली एक लांब पट्टी, तिच्यात लहान लहान तुकडे. "ही जांबोटीची वाट. एसटी येईपर्यंत आमी तिथंच चालत बसलो. हे पाय सोनमचे. हा बघ तुझा हात." तुकडा उचलून तो दुसरीकडे चिकटवायचा, की आधी चालणारे पाय माझ्या दाराकडे आल्यासारखे वाटायचे. शेजारच्या मागाची खटखट त्यानं मोबाइलवर घेतली होती. ती इतकी सावकाश केली की कुणीतरी जिना चढत असल्यासारखी वाटू लागली. मला खरंच नवल वाटलं. त्या आवाजात मी जन्म काढला आणि त्यात कधी भ्यायला झालं नव्हतं.

एका दुपारी त्यानं मला आणि सोनमला हाक मारली. "आता बघा."

निखाऱ्यावरचा धूर खाली उतरू लागला आणि निखाऱ्यात शिरला. मिरच्या जळक्या होत्या त्या लाल झाल्या, इस्तवातून उडून माझ्या मुठीत आल्या. मूठ बंद झाली. मग हात दुपट्याच्या पायथ्याकडून डोक्याकडे फिरत फिरत वर गेला. शेवटी दुपट्याची टोकं एकेक उघडली, आत काहीच नव्हतं.

सोनमनं दंडावरून हात चोळले. "बाई, काटा आला."

"हे उलटं झालं की रं," मी म्हटलं.

"रिव्हर्स केलंय."

"इस्तवातली दृष्ट परत पोराच्या अंगावर घातल्यागत दिसतंय. कुणी कशाला असं करतंय, तुला ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय म्हणूनच की. ज्याला कळंल त्याला कळंल. ज्याला कळणार न्हाय त्यो नुसताच भिईल."

"रचना यायची हाय या घरात. सरळ कर, आदर्श."

माझा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. कदाचित म्हणूनच त्यानं वाद घातला नाही. तो "बरं" म्हणाला. संध्याकाळी बोलावून दाखवलंही. धूर वर जात होता, हात वरून खाली येत होता, रिकाम्या दुपट्याचा तुकडा काढून टाकला होता. "आता झालं समाधान?" तो हसून म्हणाला. "आत्या आमची सेन्सॉर बोर्ड हाय." सोनमही हसली. मीही हसले. त्या दिवशी मी साबुदाण्याची खिचडी जरा जास्तच केली होती, ती दोघांनी कढईपर्यंत खरवडून खाल्ली.

कॉलेजात त्याचा पहिला नंबर आला. तो पेढे घेऊन आला, देवापुढं ठेवले. कॉलेजनं ती सुरुवात इंटरनेटवर टाकली, हेही त्यानंच सांगितलं. मी मोबाइल फोनपुरताच वापरते, म्हणून बघायचा प्रश्न आला नाही. गल्लीतलं कुणी त्या आठवड्यात मूल घेऊन आलं नाही. मला वाटलं, मुलं बरी असतील.

निपाणीला डोहाळजेवण झालं. आम्ही जाऊन आलो. रचनाला आणायचा दिवस ठरला, यांनी ओळखीच्याची गाडी सांगितली. आदल्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला.

"विहीणबाई, उद्या गाडी नका पाठवू."

"का हो? रचनाची तब्येत?"

"तब्येत बरी हाय. बाळंतपण इथंच करू म्हणतोय आमी. दवाखाना जवळ हाय."

"पण पहिलं—"

त्यांनी मला मधेच थांबवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही ते बघितलंय का, आदर्शनं केलेलं?"

"बघितलंय की. माझाच हात हाय."

"माहीत हाय. गोंदण बघूनच माझ्या बहिणीनं मला पाठवलं. उलटा हात फिरवलाय तुम्ही. आणि दुपटं रिकामं."

त्यांना सगळं सांगितलं. मी सरळच फिरवला होता, मशीनमध्ये उलटा केला, आत बाळकृष्ण ठेवला होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. विहीणबाई वाईट नाहीत. रचनाला पोहे आवडतात म्हणून नाश्त्याला रोज पोहे करणारी बाई.

"असंल, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर माझा इश्वास हाय. पण बघणाऱ्या बायकांना मी कुठं कुठं सांगत बसू? उद्या काय कमीजास्त झालं तर तुम्हालाच बोल लागंल. आणि पोटुशी लेक असताना रिकाम्या दुपट्याचा खेळ करायचाच कशाला?"

फोन ठेवून मी यांना म्हटलं, उद्याची गाडी नको.

आदर्श आला तेव्हा मी भाजी निवडत होते. विचारलं. त्यानं लपवलं नाही.

"सरांना सरळवालं दाखवलं. ते म्हणाले, यात काय हाय, हे तर घरातलं रोजचंच. मग पहिलं दिलं."

"मला सांगायचंस."

"तू न्हाय म्हणाली असतीस."

"म्हणून सांगितलं न्हाईस."

तो माझ्यापुढची भाजी निवडू लागला. मी म्हटलं, "काढून टाक ते."

"माझ्या हातात न्हाय, आत्या. कॉलेजचं चॅनल हाय. आणि आता ते बेंगळूरला स्पर्धेला चाललंय, तिथं मोठी मोठी माणसं बघणार हायत. असं कसं काढायचं?" मग जवळ बसून समजावणीच्या सुरात, "अगं सिनेमा हाय त्यो. मी रचनाच्या सासूबाईंना मूळ शूटिंग पाठवतो. त्यात सगळं सरळ हाय. शिकलेली माणसं हायत, समजून घेतील."

त्यानं पाठवलं. त्यात सगळं होतं. माझा सरळ फिरलेला हात होता, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आणि पाठोपाठ रिकामं दुपटं उघडणारा त्याचा हातही होता, कारण मूळ शूटिंग म्हणजे सगळंच. बाळकृष्ण कुठेच नव्हता. त्याला मी आत नीट झाकून घेतला होता.

रचना दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "आई, मी यातलं काही मानत न्हाय गं."

"मग ये की."

"मला इथं राहायचंय, आई. काही झालं तर जन्मभर ऐकायला मला लागंल."

ती रडत असती तर मी काहीतरी म्हटलं असतं. ती रडत नव्हती. तिनं सगळं नीट विचार करून ठरवलं होतं, कुठला डॉक्टर, कुणी रात्री सोबत राहायचं. मी डिंकाचे लाडू पाठवू का विचारलं. ती म्हणाली, "सासूबाईंनी केलेत."

मुलगी झाली. दोघी सुखरूप. यांनी पेढे वाटले, गल्लीतल्या बायकांनी घेतले, "नातीला आणा आता" म्हणाल्या. आदर्श बेंगळूरला होता. त्याचं तिथंही कौतुक झालं म्हणे, कुणीतरी कामाला ये म्हणालं होतं. फोनवर म्हणाला, "आत्या, तुझ्या हातावर लोक बोलत हुते." मी त्याला नात झाल्याचं सांगितलं. त्याला खरंच आनंद झाला.

बारशाला आम्ही दोघं निपाणीला गेलो. जावयांच्या घराच्या वरच्या मजल्यावर पाळणा बांधला होता, झेंडूच्या माळा, कागदी पाखरं. विहीणबाईंनी जिन्यापर्यंत येऊन माझा हात धरला, भारी साडी दिली, सरबत स्वतः आणून दिलं. मी जिना चढून सरळ पाळण्यापाशी जाऊन उभी राहिले, पदर कमरेला खोचला. रचना भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. मी वाकून पाहिलं. कपाळ आमच्याकडचं. दोन्ही गालांना आणि तळपायाला काजळाचे ठिपके लावले होते, एरवी लावतात त्याहून जास्त. मी हात पुढे केला नाही. तिनंही उचलून दिलं नाही.

पाळण्याच्या खालून-वरून बाळ द्यायची वेळ आली. एका बाजूला विहीणबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला त्यांच्या बहीण येऊन उभ्या राहिल्या, मी होते तिथंच, त्यामुळे मला थोडं मागं सरकावं लागलं. तेवढ्यात एक म्हातारी, कुणीतरी शेजारची, मोठ्यानं म्हणाली, "आईकडची आजी कुठाय? तिच्या हातात द्या की गं पोर."

खोलीत सगळ्या बायका एकदम पाळण्याच्या दोरीकडे बघायला लागल्या. विहीणबाईंनी दोरीची गाठ चाचपली.

रचना म्हणाली, "आईला गुडघ्यांचा लई त्रास हाय. तिला वाकायला जमत न्हाय."

आत्ताच मी सगळ्यांच्या पुढून जिना चढून आले होते. आत्ताच वाकून बाळ पाहिलं होतं. रचना माझ्याकडे बघत नव्हती, बाळाची कुंची सारखी करत होती. तिच्या मानेवर घाम आला होता.

"व्हय," मी म्हटलं. "लई दुखतात."

कुणीतरी लगेच खुर्ची ओढून दिली, मागच्या रांगेत, पंख्याखाली. मी बसले. पुढं सगळ्या उभ्याच होत्या, पाठी आणि अंबाडे. बाळ खालून गेलं, वरून आलं, ते त्यांच्या हसण्यावरून समजलं. मग बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, आणि पाठीवर धपाटे घालायची एकच गर्दी झाली. मला नाव ऐकू आलं नाही.

शेजारी उभ्या बाईला विचारलं, काय ठेवलं म्हणून. तिनं वाकून माझ्या कानाशी सांगितलं. मग सरळ होत, अगदी आपुलकीनं तिनं विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"