रोटातून काढलेले गहू

"ताई, आमना गहू कोनी परत धाडात?"

रंजना थोरल्या घराच्या दारातूनच ओरडली आणि गोडादऱ्यातली आमची अख्खी गल्ली हातातली कामं टाकून उंबऱ्यावर आली. कानबाईचा रविवार तोंडावर आलेला. खानदेशी माणूस सुरतेत पोट भरायला आला तरी आपली कानबाई देवी बरोबर घेऊन येतो. भाऊबंदातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू थोरल्या घरी जमा करायचे, त्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याला त्यातला तुकडा मिळत नाही. तेव्हा कुणाचे गहू परत पाठवले म्हणजे त्याला काय सांगितलं, हे शेंबडं पोरही ओळखतं.

थोरलं घर उखाचं. परत पाठवलेले गहू त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचे, वाल्मिकचे. रंजना ही वाल्मिकची बायको. आतून उखाची बायको कलाबाई बाहेर आली आणि पदराचं टोक चावत उभी राहिली. बोलायची वेळ उखावरच आली.

"भाऊबंदस्नी ठराई टाकं. मी एकटा काय करसू? तू तो अर्ज मांगे ले, मंग सगळं बराबर व्हई."

"मेथी जयी गयी, वांगा काया पडनात, आन अर्ज मी मांगे लेऊ?" रंजनानं गव्हाची पिशवी ओट्यावर आपटली. "कानबाईना घर आमले जागा नही, आन त्या शेठना रंगले आमना वावरमा जागा शे!"

तिची बाजू घेणार कोण? निम्मी गल्ली त्याच शेठच्या मिलमध्ये कामाला होती.

कामरेजच्या अंगाला खाडीकाठी वाल्मिक आणि रंजना निम्म्या वाट्यानं भाजीपाला करायचे. तिकडे ओढ्यालाही खाडीच म्हणतात; तिचं पाणी इंजिनानं उचलायचं आणि वाफ्यांना द्यायचं. वरच्या अंगाला कापड रंगवायची मिल. ती आपलं पाणी खाडीत सोडायची, कधी तांबडं, कधी निळं. रंजनानं प्रदूषण बोर्डाकडे तक्रारीचा अर्ज दिला. मग मिलच्या सुपरवायझरनं, योगेंद्रनं, तिथंच कामाला असलेल्या उखाला आत बोलावलं. "घर की बात घर में निपटाओ, उखाभाई. नहीं तो तुम्हारे सब लोगों का गेट बंद." उखानं निपटवली ती अशी.

एवढंच असतं तर आम्हीही उखाला फार बोललो नसतो. पोटापुढे माणूस वाकतोच. पण उखानं पोटात आणखी एक दडवलं होतं. घरी, गल्लीत, भावाला, सगळ्यांना तो सांगायचा, मी बॉयलरवर आहे. खरं म्हणजे तो मागच्या पाइपाच्या वालवर, म्हणजे रंगाचं पाणी खाडीत सोडायच्या चाकावर होता. पाणी साफ करायला खर्च येतो. म्हणून पाऊस लागला, गढूळ पाण्यात रंग झाकला जाईल असं दिसलं, की योगेंद्र नुसती मान हलवायचा आणि उखा चाक फिरवायचा. खाली भावाचं वावर आहे हे त्याला ठाऊक होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा कानबाईपुढे आरतीचं ताट धरून उभा राहायचा.

रविवारी रोट झाले. उखा पानावर बसला. त्यातच कलाबाईनं ऐकून आलेलं सांगितलं. पुण्याची कुणी उज्ज्वला नावाची बाई रंजनाकडे आली होती. कारखान्याविरुद्ध बोलणाऱ्यांचं पुढे काय होतं, याचा ती अभ्यास करते. तिनं विचारलं, तुम्हाला गुंडांनी धमकावलं का? रंजना म्हणाली, "गुंड कसाले जोयजेत? भाऊबंद शेतस ना!"

उखा पानावरून उठला. त्याला लाज वाटली, आणि ती त्यानं लपवलीही नाही.

सोमवारी कानबाई बोळवून तो कामावर गेला, तर गेटावरच योगेंद्र. "आज वाल को हाथ मत लगाना. साहेब लोग पानी देखने आनेवाले हैं." साहेब येण्याआधी त्यांच्या येण्याची वर्दी मिलमध्ये पोचते, ही आमच्याकडची जुनी रीत. उखा मागच्या भिंतीशी गेला. ऊन पडलं होतं. खाली रंजनाच्या बांधावर दोन साहेब, ती पुण्याची बाई आणि रंजना. एक साहेब हसत म्हणत होता, "बेन, पाणी तो चोख्खुं छे!" आणि रंजना नितळ पाण्याकडे बघत खोट्या माणसासारखी उभी होती.

उखाला बोलणं कधी जमलं नाही. त्याला चाक फिरवायचं येत होतं. त्यानं ते फिरवलं, पार शेवटपर्यंत.

तांबडं पाणी भसाभसा साहेबांच्या बुटांपर्यंत आलं. योगेंद्र आईबहिणीवरून शिव्या देत धावला. त्यानं उखाला गेटाबाहेर काढलं, आणि मागोमाग आमच्या भाऊबंदांनाही. उखा तसाच धापा टाकत बांधावर आला. आता तरी भावजय दोन बरे शब्द बोलेल, असं त्याला वाटत होतं.

"मी सोडं," तो म्हणाला.

रंजना त्याच्याकडे वळली.

"आज सोडं ते बरं करं, दादा. पन इतला दिन कोन सोडे?"

बॉयलर हा शब्द उखाच्या ओठांवर आला होता. त्यानं तो गिळला. "मीच."

"मंग तेबी साहेबले सांगा."

साहेब बाटल्या भरून गाडीकडे निघाला होता. उखानं त्याला गाठलं आणि मोडक्या गुजरातीत सांगितलं, "साहेब, दर वखते हुं ज छोडतो हतो."

"काका, ये सब लिखने का नहीं होता," साहेब म्हणाला आणि त्यानं गाडीचं दार लावून घेतलं.

उज्ज्वलानं मोबाइल पुढे धरला. "काका, मला सांगाल? पहिल्यापासून?"

उखा बांधावर बसला आणि सांगू लागला. या वेळी अहिराणीत, रंजनाला ऐकू जाईल असं. ती वाफ्यात वाकून जळकी मेथी उपटत होती. त्याचं सांगून संपलं तरी तिनं मान वर केली नाही.