मिटलेला दस्ता

वर्जिलमामाने शेजारच्या ग्लेनची रायफल मागून आणली, ती फक्त चॅसी दाखवायला. चॅसी म्हणजे लाकडी दस्त्याऐवजी रायफल बसवायचा अल्युमिनियमचा सांगाडा; याचा खांद्याला टेकवायचा दस्ता बिजागरीवर मिटायचा. लॉर्नाच्या नव्या, लांब पल्ल्याच्या रायफलीला कुठली घ्यायची, ते आज ठरायचं होतं.

"बघ, दस्ता मिटला की सीटमागे मावते! हीच घे."

मामाने रायफल मिटलेलीच पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवली आणि स्वतः नळीसमोर उभा राहून थर्मासमधली कॉफी ओतायला लागला.

लॉर्नाने रायफलीकडे पाहिलं. मिटलेला दस्ता काडतूस भरायच्या बोल्टवरच बसला होता. म्हणजे बोल्ट उघडून आत काडतूस आहे का, ते बघायची सोयच नाही. वायोमिंगमधलं शेंबडं पोरही रिकाम्या बंदुकीत खूण म्हणून नारिंगी झेंडी खोचतं. इथे झेंडीचा पत्ता नव्हता.

"मामा, बाजूला हो."

"भित्री कुठली! ग्लेन म्हणाला, रिकामी आहे."

"बाजूला हो म्हणते ना, म्हातारड्या!"

तो हसत सरकला. तिने दस्ता उघडला, बोल्ट मागे ओढला. पितळी काडतूस टणकन फळीवर पडलं.

मामाची कॉफी त्याच्याच बुटांवर सांडली.

"दुसरी घेऊ," लॉर्ना म्हणाली. "बोल्टच्या उलट बाजूला मिटणारी. आत काय आहे, ते मला कधीही उघडून बघता आलं पाहिजे."