वेदीवरचं पहिलं वस्त्र

"विरलं की जाळायचं, हेटी. चिंधी करायची नाही, कुणाला द्यायचं नाही, आणि भिंतीवर तर मुळीच टांगायचं नाही. राख लायलॅकच्या झुडपाच्या मुळाशी घालायची."

इस्त्री हातात घेतली की हेटी लूमिसला कॉर्डेलिया पेनहॅलोबाईंचा हा आवाज ऐकू येई. बाई जाऊन कितीतरी हिवाळे सरले होते, पण त्यांचं सूचना देणं काही थांबलं नव्हतं.

मिनेसोटातल्या त्या गावात आधी दारूचं दुकान आलं, मग रेल्वे, मग गव्हाची कोठारं. चर्चची आठवण कुणाला झाली नव्हती. ती कॉर्डेलियाबाईंनी करून दिली. पूर्वेकडून प्रार्थनापुस्तक घेऊन त्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोठाराच्या मालकाला गाठलं.

"गव्हाला छप्पर आहे आणि देवाला नाही, हे बरं दिसतं का हो?"

कोठारात जागा मिळाली, पण पाद्री नव्हता. बाईंचे यजमान दर रविवारी उपासना वाचत, मंडळी पोत्यांवर बसत. गुडघे टेकून उठलं की कपड्यांना भुसा चिकटलेला असे. गावातले लोक हसत, "आली बघा भुशाची मंडळी!"

मग बिशप बर्फातून घसरगाडीने येणार असा निरोप आला. पहिलं प्रभुभोजन, आणि वेदीवर अंथरायला वस्त्र नाही! बाईंनी लग्नातलं लिननचं मेजवस्त्र काढलं आणि सरळ कात्री लावली. चार कोपऱ्यांचे क्रूस त्यांनी भरले. मधला त्यांनी शाळेतल्या तरुण मास्तरीणबाईला, म्हणजे हेटीला, दिला. हेटीने उरलेल्या तुकड्यावर सराव केला, तरी तो वाकडाच आला. ती रडकुंडीला आली.

"अगं, त्यावर प्रभुभोजनाचा प्याला येणार. लोकांना दिसायचा नाही, आणि देवाला कुणी भरलाय ते ठाऊक आहे."

पुढे दगडी चर्च उभं राहिलं. मागच्या भिंतीशी बाईंनी लायलॅक लावला. वेदीची वस्त्रं धुतली की पहिलं पाणी मोरीत न सोडता त्याच्या मुळाशी घालायचं, हा नेम हेटीने त्यांच्यामागे कधी मोडला नाही. ते पहिलं वस्त्र ईस्टरला तेवढं निघे.

यंदा चर्चच्या पन्नाशीसाठी इस्त्री करताना ते मधोमध विरलं. वाकड्या क्रुसापाशीच. हेटीने इस्त्री बाजूला ठेवली.

संध्याकाळी तिच्या घरी चर्चचे वडीलधारे कारभारी एव्हरेट स्टॉडर्ड अक्रोडाच्या लाकडाची चौकट काखेत मारून आले. स्वतः तासलेली.

"पन्नाशीला ते पहिलं वस्त्र यात घालून चर्चच्या दाराशी लावू. येणारा जाणारा बघेल."

"जाळायचंय ते, एव्हरेट. मी शब्द दिलाय."

"बाईंना? त्या काय आता तपासायला येणार आहेत?"

"त्यांचं काही सांगता येत नाही हं."

एव्हरेट हसले. चौकटीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "कोठार पाडलं. त्या पोत्यांवर बसलेली माझी आई गेली. आपल्यामागे राहणाऱ्यांना काय दाखवणार, हेटी?"

ते वस्त्र राहावं असं हेटीलाही वाटत होतंच. तिच्या हातचा क्रूस होता त्यावर. पण प्रभूच्या मेजावर अंथरलेलं कापड शोभेला कसं टांगायचं?

ती उठली आणि पेटीच्या तळातून घडी केलेला तुकडा घेऊन आली. मेजवस्त्राचा उरलेला भाग. 'तुझ्या संसाराच्या मेजावर घाल,' म्हणून बाईंनी दिलेला. तो संसार झाला नाही, आणि घडीही मोडली नाही.

"हा वेदीवर कधी चढला नाही. आशीर्वाद झालेला नाही. हा लाव."

एव्हरेटनी तुकडा उजेडात धरला. "हा कोपऱ्यात काय... क्रूस आहे?"

"सरावाचा."

"फारच वाकडा आहे गं."

"आता गावभर दिसू दे," हेटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची प्रार्थना आटोपून तिने विरलेलं वस्त्र लाकडी दांड्यावर नीट गुंडाळलं, वेदीवर न्यायला गुंडाळत असे तसंच. एप्रनच्या खिशात काड्यापेटी टाकली, खुरपं घेतलं, आणि मागचं दार हलकेच ओढून ती लायलॅककडे निघाली.