शाल परत घेण्याबाबत

पूर्णाकाठ नागरी सहकारी बँक बुडाली.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. कारण अकोल्याच्या मंगल कार्यालयात त्या दुपारी बँकेची आमसभा चालू होती, बँक नफ्यात होती, आणि मागच्या दारातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. रोडगे भाजून तयार असताना कुठलाही वऱ्हाडी भागधारक ताळेबंदावर प्रश्न विचारत नाही. अध्यक्ष खुशालराव एकेक विषय वाचत, सभागृह "मंजूर, मंजूर" म्हणे. मध्येच त्यांनी माइक चालू आहे का विचारलं, तेही मंजूर झालं.

"आता आपल्या नफ्याचे शिल्पकार, मुख्य लेखापाल देवमनजी गावंडे यांचा सत्कार!"

देवमन उठला. अंगावर लोकरीची शाल पडली. सप्टेंबरातल्या अकोल्यात हा सत्कार कमी आणि औषधोपचार जास्त वाटत होता.

"हासा ना, गावंडे," फोटोवाल्याकडे बघत खुशालराव पुटपुटले. "कावून मयतीत आल्यासारखे उभे राहून राहिले?"

मयतच होती. फक्त गेलेल्याचं नाव त्या सभागृहात या दोघांनाच ठाऊक होतं.

खुशालरावांच्या साळ्याचं शेंदूरजनाघाटला संत्र्यांचं शीतगृह होतं. त्यात संत्री कधी आलीच नाहीत, नुसती थंडी होती. वीज कापल्यावर तीही गेली. त्यावर बँकेने दिलेलं कर्ज थकलं. आमसभेआधीच्या मार्चअखेरीस खुशालरावांनी देवमनला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"थ्याच्या बायकोच्या नावानं नवं कर्ज टाका, थ्यातून जुनं फेडा. व्याज आलं म्हणून लिवा."

"पन साहेब, व्याज आलं नाही."

"येईन ना! आधी लिवलं त काय बिघडते?"

देवमनने लिहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत 'नाही' हा शब्द त्याने फक्त स्वतःच्या रजेच्या अर्जावर, साहेबांच्या अक्षरात पाहिला होता. न आलेलं व्याज उत्पन्नात गेलं, उत्पन्नाचा नफा झाला, आणि त्या नफ्यावर बँकेने खराखुरा प्राप्तिकर भरला, तोही मुदतीच्या आत. नसलेल्या संत्र्यांचा ग्लासभर रस सरकारने घेतला, उरलेला लाभांश म्हणून भागधारकांनी. शिवाय प्रत्येकी एक स्टीलचा डबा.

पंगतीत अकीलाआपा शेजारी येऊन बसल्या. देवमनच्याच गल्लीत राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स. देवमनच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात रोज घरी येऊन इंजेक्शन द्यायच्या आणि पैशांचं विचारलं की रागवायच्या.

"देवमनभाऊ, शाल शोभून राहिली तुमाले! आयका, मायी रिटायरमेंटची सारी रक्कम आली. पुढल्या साली घरावर स्लॅब टाकाचा हाये. उनाळ्यात टिनाखाली मानूस भाजून निंगते. तवरक तुमच्या बँकेत ठेवू का?"

देवमनने घास गिळला. दुसरा घेतला. 'नका ठेवू' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर खुशालराव तुपाचं भांडं घेऊन उभे होते आणि आग्रहाने त्याच्याच रोडग्यावर ओतत होते.

"अहवालात लिवलं हाये सारं," तो म्हणाला.

"अहवाल कोन वाचते? तुमी सांगा."

"लेखापरीक्षणात 'अ' वर्ग हाये, आपा."

"बस! तुमी म्हन्लं, झालं."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. हे तो पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत राहिला, आणि दर वेळी त्याला शाल पांघरल्यासारखा घाम फुटला.

पुढच्या एप्रिलमध्ये बँकेची तपासणी झाली. शीतगृह उघडलं तर आत शेळ्या बांधलेल्या. बँकेवर निर्बंध आले, खुशालरावांच्या खुर्चीत प्रशासक बसला. त्या शीतगृहाने आयुष्यात पहिल्यांदाच काही गोठवलं, ते म्हणजे ठेवीदारांची खाती.

मे महिन्यात, भर दुपारी, अकीलाआपा दारात उभ्या राहिल्या. देवमन शिव्या खायच्या तयारीनेच बाहेर आला. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भांडाले नाही आली, भाऊ. ठेवीच्या विम्याचे पाच लाख भेटतीन म्हंतेत. थ्यात स्लॅब नाही होत, पन जाऊ द्या. एक समजावून द्या. मार्चात व्याजावर कर कापल्याचा मेसेज आला. व्याज त मले भेटलं नाही. मंग कर कशाचा?"

"व्याज तुमच्या नावावर जमा झालं, आपा."

"कुठं?"

"पुस्तकात."

"म्हंजे सरकारच्या हिशेबानं मी कमावली?"

"हो."

आपा हसल्या. ओढणीने मान पुसली. टिनाखालून आलेल्या त्या मानेवर घामोळ्या उठल्या होत्या. जाता जाता त्या थबकल्या.

"बीपीची गोळी घेता ना, भाऊ? चेहरा सुजून राहिला तुमचा."

त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत देवमन दारातच उभा होता. मग त्याने कपाटातून शाल काढली, नीट घडी घातली, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीच्या अक्षरात लिहायला बसला.

प्रति, मा. प्रशासक, पूर्णाकाठ नागरी सहकारी बँक, अकोला.

महोदय, उपरोक्त बँकेच्या आमसभेत निम्नस्वाक्षरीकारास एक शाल (लोकरी, एकदा वापरलेली) देण्यात आली होती. ज्या नफ्याकरिता ती देण्यात आली तो झालेला नसल्याने सत्कारही झालेला नाही, अशी इतिवृत्तात दुरुस्ती करून सोबतची शाल जमा करून घ्यावी व पोच द्यावी. तसेच त्याच दिवशी पंगतीत श्रीमती अकीला यांना मी दिलेले उत्तर पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावे, ही नम्र विनंती.