वॉकरची उंची

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते केंद्र चालायचं. वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, सगळं फुकट. गरज संपली की धुऊन परत आणून द्यायचं. राबणारे सगळे हौशी, बहुतेक निवृत्त. त्यात वॉकरचं माप घेण्यात वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणसाला उभं करायचं, हात सैल सोडायला लावायचे आणि मूठ मनगटाशी येईल अशी चारही पायांची बटणं सरकवायची. बटण भोकात बसलं की कट्ट आवाज व्हायचा.

केंद्रात सगळेच त्यांना वहिनी म्हणत. पण खरोखरीचा दीर एकच, आणि तो पाच महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन करून दारात उभा राहिला.

अकरा वर्षं वहिनी त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. नवऱ्याच्या शेवटच्या दोन दिवसांत इस्पितळात उशाशी हाच बसलेला. वहिनींना त्याने घरीच थांबवलं होतं. "दादा शुद्धीवरच नव्हता, वहिनी. तुम्हाला बोलावून काय उपयोग?" असं नंतर तोंड वर करून सांगितलं. पुढे तिथली नर्स भेटली. ती म्हणाली, "दोन्ही दिवस तुम्हालाच बोलवत होते हो. पण भाऊ म्हणाले, ती आली की रडारड करील."

वहिनींनी दिराचं माप घेतलं. मनगट बरोबर पाचव्या भोकाला आलं. बटणं त्यांनी तिसऱ्यात बसवली. वाक मेल्या, त्या मनात म्हणाल्या. जन्मभर ताठ मानेने फिरलास, आता वाक.

खरं तर त्याने भांडायला यावं, हीच त्यांची इच्छा. गडी तीस वर्षं कारखान्यात फिटर. सूतभर फरक नुसत्या नजरेने ओळखणारा. दोन दिवसांत तणतणत येईल, मग सगळ्यांसमोर त्याचं काय काय काढायचं, ते वहिनींचं अकरा वर्षं पाठ होतं. दार वाजलं की त्या चष्मा सावरून बसत. तो आलाच नाही. रस्त्याने जाताना मात्र दिसे, कमरेत वाकलेला, नजर जमिनीत. वहिनींना गार वाटे, पण समाधान होत नसे.

आज धाकटी जाऊ वॉकर परत घेऊन आली.

"पडले हो ताई, बाथरूमच्या दारात. खुबा मोडला. डॉक्टर म्हणतात, आता उठणं नाही. बेडपॅन मिळेल का?"

एवढं काही वहिनींनी ठरवलं नव्हतं.

"कितीदा म्हटलं, ताईंकडून उंची वाढवून आणू," जाऊ सांगू लागली. "ऐकतील तर शपथ! म्हणाले, पहिल्याच दिवशी ओळखलंय मी, दोन भोकं खाली आहे. वहिनींनी मुद्दाम केलंय. माझं पापच तसं आहे, बटणांना हात लावायचा नाही." तिने डोळे पुसले. "आणि तुम्हाला विचारायला सांगितलंय, आता तरी राग मनातून काढाल का?"

वहिनींचं डोकं भडकलं. म्हणजे हा आपल्या मर्जीने शिक्षा भोगत होता! गुन्हेगारही हाच, न्यायाधीशही हाच. आणि अकरा वर्षांचा डाग पाच महिने वाकून धुतला की झाला मोकळा. पाठ केलेलं एकही वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं. मग त्यांना नवंच सुचलं.

"कसली दोन भोकं?" चष्मा पुसत वहिनी म्हणाल्या. "माप अगदी बरोबर होतं. मी काय कुणाचं वाईट करायला बसलेय इथे?"

जाऊ चक्रावली. "म्हणजे... पाच महिने ते उगाचच वाकले?"

"उगाचच." वहिनींनी फळीवरून बेडपॅन काढून तिच्या हातात दिला. "सांग भाऊजींना. आणि शुद्धीवर असतील तेव्हाच सांग."