मंजूर म्हणण्याआधी

मी 'तेरा ते एकोणीस' बोलतोय. बसचा नंबर नव्हे हो, आणि कुणाची परीक्षेतली टक्केवारीही नव्हे. त्या वयाच्या पोरापोरींसाठी जे मासिक निघतं, त्याचा मी जून महिन्याचा अंक. माझ्याकडं बघून हसू नका. मुखपृष्ठाचा एक कोपरा फाटलाय, पाठीवर चहाच्या पेल्याचा गोल उमटलाय आणि मधल्या दोन पानांच्या कडेला बारीक भोकांची रांग आहे. ती भोकं मला कशी पडली, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म कोल्हापूरचा, त्यामुळं तोंड जरा फटकळ आहे, सांभाळून घ्या. छापखान्यात पानं जुळवणाऱ्या दोघी बायका होत्या. माझ्या पोटात दोन पिना मारता मारता त्यातली एक थांबली, मधलं पान वाचलं आणि दुसरीला कोपरानं ढोसून म्हणाली की हे आपल्या वेळेला पाहिजे होतं. मला तेव्हा काही कळलं नाही. नुकतंच जन्मलेलं लेकरू मी, मला शाईचा वास तेवढा कळत होता.

मग एसटीनं गडहिंग्लज, तिथून दुसऱ्या एसटीनं नेसरीजवळचं एक गाव. तिथं दूध संस्थेच्या माडीवर वाचनालय आहे. खाली दूध, वर पुस्तकं, आणि दोन्हीकडं ज्ञानूच. सकाळ-संध्याकाळ तो खाली दुधाची फॅट मोजतो आणि मधल्या वेळात वर येऊन पुस्तकं देतो, म्हणून आमच्या सगळ्या पुस्तकांना दुधाचा वास. चालायचंच. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पान उलटायचं म्हटलं की माणूस बोटाला थुंकी लावतो! इतके हात लागले मला, पण एकानं कधी विचारलं नाही, की बाबा, लावू का?

माझ्यात सगळं होतं. फुटबॉल होता, कोडी होती, दहावीचा अभ्यास कसा करावा हे होतं, आणि मधोमध 'विचारा की!' नावाचं सदर होतं. पोरापोरी पत्रातून विचारायच्या आणि एक डॉक्टरताई उत्तर द्यायच्या. पाळी, चेहऱ्यावरचे फोड, पोरांचा फुटणारा आवाज, मैत्री, प्रेम, नको असलेला स्पर्श. कुठलाही प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नव्हता. जूनच्या अंकात कुणा मुलीनं विचारलं होतं, 'मी काहीच बोलले नाही, म्हणजे मी हो म्हटलं असं होतं का?' ताईंनी लिहिलं होतं, 'नाही. माणूस लाजून गप्प बसतं, घाबरून गप्प बसतं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. हात धरायचा असो की फोटो काढायचा असो, आधी विचारायचं. आणि काल हो म्हटलेलं माणूस आज नको म्हणू शकतं.'

हे पान पहिल्यांदा नीट वाचलं ते तेजस्वीनं. जोतीरामची लेक, दहावीतली पोर, रोज शाळा सुटली की वाचनालयात यायची. त्या दिवशी तिनं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला असं धाडकन मिटलं, की माझ्या पिना हलल्या.

कारण तसंच होतं. तिच्या वर्गातला सम्राट, म्हणजे संस्थेचे चेअरमन बाळासो आण्णा यांचा नातू. त्यानं एसटी स्टँडवर तिला 'माझी गर्लफ्रेंड होतीस काय' म्हणून विचारलं होतं. पोरगी गांगरली, एसटीच्या पाटीकडं बघत उभी राहिली. एवढ्यावरून या बहाद्दरानं सगळ्या वर्गात सांगितलं, की तिनं होकार दिला. मग पोरांच्या शिट्ट्या काय, गाडीत त्याच्या शेजारची जागा राखून ठेवणं काय! तेजस्वीला घरी सांगता येईना आणि गप्पही राहवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं सम्राटला सगळ्यांसमोर वाचनालयातल्या टेबलापाशी बोलावलं, मला त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "वाच."

त्यानं वाचलं. त्याचे कान लाल झालेले मी जवळून बघितले.

"मग त्याच येळी न्हाय म्हणायचं की."

"मी कायच बोलले न्हाय. तू व्हय समजलास."

"आणि आता?"

"आता बोलते. न्हाय."

सम्राटनं पुन्हा एकदा माझ्या पानावरून नजर फिरवली. मग म्हणाला, "चुकलं माझं. पोरांना मीच सांगतो." संपलं की हो! ना भांडण, ना रडारड. मला इतका आनंद झाला, की पंखा नसता तरी माझी पानं फडफडली असती.

पण नशीब बघा. नेमकं त्याच वेळी बाळासो आण्णा जिना चढून वर आले. त्यांना दिसलं काय, तर नातू आणि जोतीरामची पोरगी एकाच पुस्तकावर डोकं खुपसून बसलेत, आणि पानावर मोठ्या अक्षरांत 'शरीर, मैत्री आणि होकार'. आण्णांनी मला उचललं ते थेट कपाटाआड नेलं. तिथं त्यांनी ते पान वाचलं. एकदा नव्हे, दोनदा. मग घसा खाकरून बाहेर आले आणि ज्ञानूला म्हणाले की हे असलं पोरांच्या हातात देतोस व्हय, टाचून टाक ती पानं.

ज्ञानू हुकमाचा ताबेदार. त्यानं माझी मधली दोन पानं कडेनं टकाटक टाचली. आई गं! कळ आली ती आली, पण खरी गंमत पुढंच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना? तोवर मला फुटबॉलपुरतं चाळणारी पोरं आता टाचलेलं पान हुडकत यायला लागली. ज्यांनी जन्मात वाचनालयाचा जिना चढला नव्हता, ते बाप्येही दूध घातल्यावर 'जरा वर जाऊन येतो' म्हणायला लागले. कुणी नखानं पिना उचकटायचा, कुणी पेनाच्या टोपणानं. ज्ञानू पुन्हा टाचायचा. अशी पडली ती भोकं. हातातल्या मोबाइलवर ही मंडळी काय काय बघत होती, ते कुणी टाचत नव्हतं. टाचायला सापडलो तो मीच गरीब.

इथवर हसण्यासारखंच होतं. मग गावात कुजबुज सुरू झाली, की जोतीरामची पोरगी वाचनालयात पोरासंगं चावट पुस्तक वाचत बसती. जोतीराम भला माणूस, पण लोकांच्या तोंडाला भिणारा. त्यानं लेकीला सांगून टाकलं, वाचनालय बंद, शाळा सुटली की थेट घर. इकडं आण्णांनी ठरवलं की मला रद्दीत घालायचं आणि मासिकाची वर्गणी संस्थेच्या वार्षिक सभेत कायमची बंद करायची. तेजस्वीच्या नावाला लागलेला डाग ठरावानं पक्काच होणार होता. पोरीनं शेवटची एक फेरी मारली, ज्ञानूची पाठ वळल्यावर मला दप्तरात घातलं आणि घरी नेऊन गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यात लपवलं.

पेंडीच्या पोत्यात राहून बघा एकदा. नाकातोंडात भुसा, आणि शेजारी म्हैस रात्रंदिवस रवंथ करतेय. माझ्या नशिबी काय काय आलं! पण तिथंच माझी गाठ क्रांतीशी पडली.

क्रांती म्हणजे तेजस्वीची आई. दुधाचं खातं तिच्या नावावर, संस्थेची सभासद तीच, पण सभेत कधी चकार शब्द काढला नव्हता तिनं. म्हशीला पेंड घालायला तिनं पोत्यात हात घातला आणि मी हाताला लागलो. तिनं पिना काढल्या, घमेलं बाजूला ठेवलं आणि तिथंच उकिडवी बसून वाचायला लागली. म्हैस रेकून रेकून थकली, पण क्रांतीचं पान काही संपेना. मग तिनं लेकीला हाक मारली. तेजस्वीनं स्टँडपासूनचं सगळं सांगितलं.

"मला का सांगितलं न्हाईस?" क्रांतीनं विचारलं.

"कसं सांगायचं, तेच म्हाईत न्हवतं," तेजस्वी म्हणाली.

तिनं पदरानं माझ्यावरची पेंड पुसली, अगदी हळू, आणि मला आपल्या पिशवीत घातलं. इतक्या मायेनं मला आजवर कुणी पुसलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

आता सभेचं ऐका. आमच्याकडं संस्थेची सभा म्हणजे चहा, चिवडा आणि 'मंजूर'. वर व्यासपीठावर विषय वाचायला सुरुवात झाली, की खालून पुढच्या रांगेतली मंडळी 'मंजूर, मंजूर' ओरडतात. विषय काय होता ते घरी जाताना एकमेकांना विचारतात. एका वर्षी म्हणे श्रद्धांजलीलाही मंजूर म्हणाले होते.

सगळे विषय असेच धडाधड पार पडले. मग आयत्या वेळच्या विषयात आण्णा उठून बोलायला लागले. वाचनालयात पोरांची मनं बिघडवणारं मासिक येतंय, ते बंद करावं. एकेका गोष्टीचं वय असतंय. आपल्याला कुठं कुणी हे शिकवलं होतं, तरी आपले संसार झालेच की. माझ्या डोळ्यांनी मी पोरापोरीला डोक्याला डोकं लावून ते वाचताना बघितलंय. खालून 'मंजूर' आलंच. आण्णा म्हणाले, कुणाचा विरोध न्हाय, मंजूर समजायचं.

तेव्हा क्रांती उभी राहिली. मला तिनं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"आण्णा, आम्ही गप बसलो, म्हणून तुम्ही मंजूर लिवलं. आमाला इचारलं कुठं?"

"सूनबाई, सभेची रीतच हाय ती."

"घरात बी हीच रीत हाय. मला बघायला आलते, मी खाली मान घालून बसले. मामा म्हणाला, पोरगी गप हाय, म्हंजे मंजूर. नवरा चांगला निघाला, नशीब माझं. पण मला कुणी इचारलं न्हवतं. माझ्या लेकीचं तसं व्हायला नको. ह्या पानात तेवढंच लिवलंय."

जोतीरामचा चिवड्याचा घास तोंडाजवळच थांबला होता. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आण्णा सावरून म्हणाले की ते ठीक हाय, पण त्या पोरांचं वय काय, डोक्याला डोकं लावून काय चाललं होतं?

आणि मग चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला सम्राट बोलला.

"आण्णा, त्या दिवशी ती मला न्हाय म्हणत हुती. ते पान वाचूनच मला कळलं, माझं चुकलंय म्हणून."

आण्णांनी नातवाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मागून एक म्हातारी मोठ्यानं हसली आणि तिच्यामागं सगळा हॉल हसला. आण्णाही हसले, बराच वेळ टोपी सारखी करत राहिले. माणूस हट्टी होता, पण आडमुठा नव्हता. म्हणाले, "आज मंजूर न्हाय. ज्यांना मासिक पायजे, त्यांनी हात वर करा." बायकांचे हात आधी वर गेले, मग बाप्यांचे, आणि चिवडा धरलेला एक हात जोतीरामचाही होता. आण्णांनी वर आपली एक सूचना जोडली. एक अंक जादा मागवायचा. पोरं वाचणार, तर आईबापांनीही वाचायचं, म्हणजे पोरांना लपूनछपून वाचावं लागणार नाही.

आता मी पुन्हा माडीवरच्या टेबलावर असतो, कडेच्या पिनांशिवाय. तेजस्वी रोज येते. गावात आता तिच्यामागं कुणी कुजबुजत नाही. सम्राट समोरच्या बाकावर बसून कोडी सोडवतो, बरीचशी चुकवतो आणि तिला विचारतो. ती कधी सांगते, कधी सांगत नाही. सारखं पुढं काय झालं म्हणून विचारू नका, पुढं काही झालेलं नाही. दहावी आहे त्यांची.

एक तेवढं सांगायचं राहिलं. परवा जोतीराम वर आला, ज्ञानूकडून मला आपल्या नावावर घेतलं आणि घरी नेलं. क्रांती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्याशेजारी बसून त्यानं मला मांडीवर घेतलं आणि मधलं पान वाचून काढलं. शेवटी म्हणाला,

"मी बघायला आलतो, त्या वेळी... तुझा होकार हुता काय गं?"

क्रांतीनं भाकरी उलटली.

"न्हवता."

जोतीरामनं मान खाली घातली. माझंही काळीज हललं, कागदाचं का असेना. भाकरी टम्म फुगेपर्यंत क्रांतीनं त्याला तसंच बसवून ठेवलं. मग भाकरी टोपलीत टाकून म्हणाली,

"आता हाय. इचारलंसा, बरं वाटलं."

तर पावणं, अशी माझी हकिकत. कोपरे गेले, भोकं पडली, पण जन्म फुकट गेला नाही. कधी गडहिंग्लजहून चंदगडकडं निघालात, तर वाटेत उतरा आणि दूध संस्थेची माडी चढा. मी टेबलावरच आहे. मधलं पान खुशाल उघडा, सोबत लेक असेल तर तिच्यासंगं वाचा, ल्योक असेल तर त्याच्यासंगं वाचा. तेवढं बोटाला थुंकी लावायच्या आधी मला एकदा विचारा. मी बहुतेक नाहीच म्हणेन, पण विचारा की.