आमची माणसं

धाकटीने लॅपटॉप दादाकडे वळवला आणि लगेच परत ओढला, कारण दादा जेवता जेवता उठून आला होता.

"दाखव ना!"

"आधी हात धू. गेल्या वेळी सगळा कीबोर्ड चिकट करून ठेवला होतास."

दादा हात धुऊन आला, शर्टालाच पुसले आणि वाकून बघायला लागला. चष्म्याच्या दुकानाची नवी वेबसाइट. पहिल्याच पानावर मोठा फोटो होता, भिंग घासायच्या मशीनवर टेकलेला बाबांचा हात. नुसता हात, मनगटापर्यंत, अंगठ्याच्या नखात कायमची राखाडी भुकटी.

"हे कशाला?"

"तात्पुरतं रे. कंपनीचे फोटो आले की बदलते."

"आणि कुणाला दिसत नाही ना हे?"

"पासवर्ड लावलाय. शोधूनसुद्धा सापडणार नाही कुणाला."

दादाने असं चारदा तरी विचारलं असेल, आणि त्याला कारणही तसंच होतं. एक मोठी चष्मा कंपनी दुकान आपल्या साखळीत घेणार होती, पण आधी वेबसाइट त्यांच्याकडून मंजूर व्हायला हवी आणि तोवर ती कुणाच्याही नजरेला पडता कामा नये, अशी त्यांची अट. नव्या दुकानात भिंगं कारखान्यातून तयार येणार, म्हणजे घासायचं मशीन जाणार. आणि मशीन गेलं की त्याच्यासमोर बसणारा माणूस तरी कुठे बसणार? बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मंजुरी आली की सांगू," दादा म्हणायचा. "आधी सांगितलं तर ते नाही म्हणतील. आणि ते एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायचे नाहीत."

धाकटीला ते पटत नव्हतं, पण वेबसाइट ती झपाटल्यासारखी करत होती, कारण तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. 'आमची माणसं' या पानावर तिने आधी चार चौकटी केल्या होत्या. दादा, नवी डोळे तपासणारी, कंपनीचा व्यवस्थापक आणि बाबा. दादा म्हणाला, "चौथी काढ." तिने काढली. मग उरलेल्या तीन जरा मोठ्या केल्या, म्हणजे रिकामी जागा दिसणार नाही.

"पण एक सांगू का," आता ती हळूच म्हणाली, "कुणीतरी येऊन बघतंय हे. रोज."

दादा ताडकन सरळ झाला. "समोरचा दुकानदार! दुसरं कोण? पासवर्ड काय ठेवलायस?"

तिने जीभ चावली. घरात एकच पासवर्ड होता. इंटरनेटला तोच, टीव्हीला तोच, वीजबिलालाही तोच. मांजराचं नाव आणि पुढे दुकानाचा फोन नंबर.

"ढब्बू?" दादा ओरडला. "अगं, मांजर जाऊन वर्षं झाली आणि पासवर्ड अजून म्याँव करतोय! आजच्या आज बदल!"

उरलेलं जेवण तसंच टाकून तो दुकानात पळाला. तिने बदलण्यासाठी पान उघडलं. मग म्हटलं, आधी बघू तरी कोण येतंय ते. तर येणारा माणूस दुकानातल्याच इंटरनेटवरून येत होता. दुपारी, दादा घरी जेवायला आलेला असतो आणि बाबा मागच्या खोलीत डबा खातात, तेव्हा. बाकी पानं त्याने एकेकदाच उघडली होती. 'आमची माणसं' मात्र पुन्हा पुन्हा.

आणि हा पासवर्ड घरात सगळीकडे लावला कुणी होता? बाबांनीच. दुसरा त्यांच्या लक्षात राहायचा नाही म्हणून.

तिने तो बदलला नाही.

संध्याकाळी बाबा आले. येता येताच त्यांनी तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, काडी थोडी वाकवली, उजेडाकडे धरून बघितला आणि परत तिच्या नाकावर ठेवला.

"झोपून वाचतेस. काडी बघ कशी झालीय. झालं का तुझं काम?"

"मंजुरी यायचीय अजून."

"हं," बाबा म्हणाले. "घाई करू नकोस. घाईत भिंग तडकतं."

बस, एवढंच. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि ते चपला जागेवर ठेवत राहिले, एकीला एक लावून, नीट.

सकाळी उठल्या उठल्या तिने 'आमची माणसं'च्या तळाशी एक चौकोन टाकला. 'काही बदल हवा असेल तर इथे लिहा.' दादाला सांगितलं नाही. दुपारी दादा घरी जेवून गेला आणि तिने पान उघडलं. चौकोनात शेरा आला होता.

'पहिल्या पानावरचा माझा हात काढ. लोक तो बघून येतील आणि मला विचारतील. बाकी छान झालंय.'

ती पुन्हा पुन्हा वाचत होती तेवढ्यात फोन वाजला.

"आली! अगं, आली मंजुरी!" दादाचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. त्याच्या मागे मशीनची घरघर चालू होती. "एका दमात हो म्हणाले! फक्त तो पहिल्या पानावरचा हात काढा म्हणतात, जुनाट दिसतो. तेवढं कर आणि उघडून टाक. बाबांना मी सांगतो संध्याकाळी, बसवून, नीट. तू मध्ये तोंड उघडू नकोस. ऐकतेयस ना?"

"काढते," ती म्हणाली. "बाबांनीपण तेच सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"हात काढायला. शेरा लिहिलाय त्यांनी."

फोनमधून बराच वेळ नुसती मशीनची घरघर येत राहिली. मग तीही थांबली.